लँगक्लिफची हॉफमन भट्टी

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये सेटल गावाजवळ लँगक्लिफची चुनखडीची जुनी, आता बंद असलेली खाण आहे. क्रेव्हन लाइम कंपनीने 1873 मध्ये तिथे चुनखडी भाजून चुना करणारी हॉफमन भट्टी बांधली. लगतच्या सेटल-कार्लाइल मार्गावर 1875 मध्ये मालगाड्या सुरू झाल्या आणि कोळसा आणण्याची, चुना पाठवण्याची सोय झाली.

भट्टीत लांबट वर्तुळात 22 कप्पे. आग एका कप्प्यातून पुढच्यात सरकत राहते, विझवायची नाही. बाहेरची हवा आधी भाजून झालेल्या गरम चुन्यातून येते: चुना निवतो, हवा तापते. पुढे जाणारा धूर कच्चा दगड तापवतो. कोळशाची खरी बचत इथेच.

दगड हातानेच रचायचा, मधे हवेच्या वाटा ठेवून; कोळशाची भुकटी छतातल्या भोकांतून टाकायची. रचाई गच्च झाली की हवेची ओढ मंदावते आणि तो कप्पा कच्चा राहतो. साधारण 900 अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध दगड 100 किलो असेल तर कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला) 56 किलोच उरतो. मोठ्या दगडाचा गाभा कच्चा राहतो. जास्त भाजलेला चुना पाण्यात उशिरा विरतो आणि गिलाव्यात फुगून फोड आणतो.

सगळ्यात वाईट काम चुना काढायचं. कप्पा पुरता निवलेला नसतो, घामाने ओल्या अंगाला कळीची भुकटी भाजते. मालगाडीच्या वाघिणीत (डब्यात) पावसाचं पाणी शिरलं तर चुना तिथेच विरून तापतो, लाकूड पेटूही शकतं.

1931 मध्ये भट्टी थांबली, 1937 मध्ये थोडा काळ पुन्हा पेटली. धुराडं 1951 पासून नाही. कप्प्यांचा बोगदा मात्र शाबूत आहे, आत चालत जाता येतं.