इंजिनाचं हेड घाटावर पाठवायचंय? आधी जखडा
गाडीचं हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह बसलेला वरचा भाग) किंवा क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा जड दांडा) मशीनिंगला कोल्हापूरला पाठवायचं ठरलं की आपल्याकडे कुडाळ-कणकवलीत पहिला हात जातो तो आंब्याच्या रिकाम्या पेटीकडे आणि पेंढ्याकडे. कृपा करून हे करू नका. पाव किलोच्या हापूसला पेंढा पुरतो पण डिझेल इंजिनाचं बिडाचं हेड सहज वीस-पंचवीस किलो भरतं, ते पेंढा चेपून सरळ तळाला बसतं आणि फोंडाघाट चढेपर्यंत पेटीतल्या पेटीत आपटत राहतं. बबल रॅपचंही तेच. थर्माकोल तर नकोच नको, त्याचा चुरा होतो आणि दाणे ऑइलच्या भोकांत जाऊन बसतात.

जड पार्ट आत हलता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर. जाड प्लायवूडचा, हेडपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा पाट कापून घ्या आणि हेडच्याच बोल्टच्या भोकांतून बोल्ट घालून, दोन्हीकडे वॉशर लावून हेड पाटाला आवळा. पण त्याआधी एक बघा. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरती बसलेला असेल तर एखाद-दुसरा व्हॉल्व्ह उघडाच असतो आणि त्याची कड फेसच्या, म्हणजे हेडच्या खालच्या सपाट बाजूच्या, खाली आलेली असते, स्टीलची पट्टी फेसवरून हलकेच सरकवली की अडकते तिथे लगेच कळतं. असं हेड सपाट पाटावर आवळलं तर व्हॉल्व्ह वाकलाच म्हणून समजा! म्हणून कडेला दोन लाकडी पट्ट्या द्यायच्या, म्हणजे व्हॉल्व्ह अधांतरी राहतात. डिझेलचे इंजेक्टर आणि ग्लो प्लग आधीच काढून वेगळे बांधा, त्यांचीही टोकं खाली डोकावतात.

क्रँकला लाकडात अर्धगोल खाचा करून मेन जर्नलवर (क्रँक इंजिनात ज्या गोल भागांवर फिरतो त्यांवर) आधार द्यायचा, खाचेत जुन्या ट्यूबचे तुकडे, वरूनही तशाच खाचेची फळी आवळायची, झालं.

आता गंज, आणि कोकणात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. खारी हवा, त्यात जुलै महिना, उघडा चकचकीत फेस रात्रभरात लाल पडतो, घामट बोटांचे ठसेसुद्धा उमटतात. पुसून, कोरडं करून ऑइलचा हात फिरवा, वर व्हीसीआय कागद (गंज रोखणारा खास कागद) आणि मग प्लास्टिक. वर्तमानपत्र नको, ते ओल धरून लोखंडालाच चिकटून बसतं. ओलं लाकूडही उघड्या धातूला टेकू देऊ नका.

पेटीवर वजन मोठ्या अक्षरात लिहा, ‘दोघांनी उचला’ असंही लिहा, आणि दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या लावा, हमालाला धरायलाच काही नसेल तर तो बिचारा पेटी ओढणार नाहीतर सोडणार. झाकणाला खिळे मारू नका, स्क्रू मारा, म्हणजे हीच पेटी परतीलाही चालेल, कारण ग्राइंडिंग करून आलेला कोरा क्रँक नेमका परत येतानाच कागदात गुंडाळून पाठवतात. मशीनवाल्याला आधीच फोन करून सांगा, पेटी फोडू नका, झाकण स्क्रूने उघडतं, नट-वॉशरची पिशवी आतच चिकटवलीय, माल ह्याच पेटीतून परत पाठवा.