उसाचा काप

नववीत असताना भूमितीच्या सरांनी एकदा वर्गात ऊस आणलेला. आम्हाला वाटलं आज खायला मिळतंय, पण सरांनी चाकू काढला, आडवा काप घेतला आणि विचारलं काय दिसतंय, आम्ही म्हटलं गोल. मग तिरका कापला, लांबट गोल. मग उभा चिरला, नुसती पट्टी. "ऊस तोच हाय पोरांनो, कुठनं कापलाय त्यावर दिसणं ठरतंय," एवढं बोलून फळ्याकडं वळले. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिला तो ऊसच आठवला, कारण मी आता भूलतज्ज्ञ आहे आणि तो काप मला ऑपरेशन थिएटरात सारखा दिसतो.

मोठ्या ऑपरेशनच्या बऱ्याच पेशंटना मानेतल्या मोठ्या शिरेत, म्हणजे इंटर्नल ज्युगुलरमध्ये, सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं द्यायची लांब नळी, घालावी लागते. मी शिकत होतो तेव्हा मानेचे स्नायू चाचपायचे, बोटाखाली धमनीचा ठोका धरायचा आणि अंदाजानं सुई घालायची. एकदा माझी सुई कॅरोटिडमध्ये, म्हणजे शिरेशेजारच्या त्या धमनीतच गेली, सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळलं. सुई काढून दहा मिनिटं मान दाबून धरली होती मी, नजर घड्याळावर. पेशंट बरा झाला, पण ती दहा मिनिटं अजून डोक्यातनं जात नाहीत. उपचार कसे करावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २००२ मध्येच सांगितलेलं की ठरवून घालायची असेल तर ही लाइन सोनोग्राफीवर बघत घाला, माझ्या हातात मशीन यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

आता सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे मानेवर टेकवायचा हातातला भाग, आडवा ठेवला की पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळे गोल, एक शीर, एक धमनी. हलकं दाबलं की शीर चपटी होते, धमनी मात्र गोल ती गोलच, ठोके देत राहते. टेबल डोक्याकडनं थोडं खाली केलं की शीर फुगते. परवा एका आजींनी मान पार भिंतीकडं वळवली तर शीर धमनीच्या बरोबर वर येऊन बसली, म्हटलं आजी एवढी नको, थोडी सरळ करा, की लगेच बाजूला सरकली.

खरी गोम सुईत आहे. आडव्या कापात सुई म्हणजे फक्त एक पांढरा ठिपका, आणि तो टोकाचाच असेल असं नाही, मधल्या दांड्याचाही असू शकतो, टोक तोवर शिरेची मागची भिंत फोडून गेलेलं असतं. म्हणून प्रोब जरा पुढं सरकवायचा, ठिपका गायब झाला पाहिजे, मग सुई थोडी पुढं, ठिपका परत दिसला पाहिजे, असं करत करत शिरेत. जिच्यावरनं नळी सरकवायची ती बारीक वायर सुईतनं घातली की प्रोब उभा धरतो, शिरेच्या पट्टीत वायरची चकचकीत रेघ दिसल्याशिवाय ज्युनिअरला डायलेटर, म्हणजे नळीसाठी वाट रुंद करायचं साधन, उचलू देत नाही. इथं मी घाई चालवून घेत नाही.

महोत्सवात नववीच्या पोरांना हे दाखवायची फार इच्छा आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर असं उचलून आणता येत नाही, म्हणून माझ्याच मानेवर प्रोब फिरवून व्हिडिओ करून ठेवलाय. तो आणतो, आणि दोन ऊस.