चिंचवाडीतलं तण

परवा दुपारी लेकीच्या खोलीतलं कपाट आवरताना चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात तिचा स्विच सापडला, निंटेंडो कंपनीचा, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा. डावीकडून निळा, उजवीकडून लाल. जर्मनीला निघताना बॅग 23 किलोच्या वर जायला लागली, तेव्हा ऐनवेळी बाहेर काढलेल्या वस्तूंपैकी ही एक. गोडा मसाला गेला, स्विच राहिला.

बाहेर पाऊस धरलेला. कपाटाचा कंटाळा तर पहिल्या कप्प्यालाच आला होता. स्विच चार्जिंगला लावला, चहा करून आले, तोवर पडद्यात जीव आला होता. आणि आत तो खेळ होता, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’. त्यातलं ते बेट.

हा खेळ मला पहिल्यापासून खेळायचा होता. पहिल्यापासून म्हणजे खरंच पहिल्या दिवसापासून. 20 मार्च 2020 ला तो आला आणि पाचच दिवसांनी, पाडव्याच्या दिवशी, सगळा देश घरात बसला. लेकीनं त्याच उन्हाळ्यात बेट वसवलं. मी शेजारी लसूण सोलत बसले होते. तिमी आणि टॉमी नावाची दोन रॅकूनसारखी पिल्लं काउंटरमागे उभी राहून विचारत होती, उत्तर गोलार्ध हवा की दक्षिण? हे चार नकाशे, यातलं कुठलं बेट? तिनं नकाशा निवडायला अर्धा तास घेतला. दहावीनंतरची शाखा पाच मिनिटांत निवडली होती.

मग ओसाड बेटावर उतरल्यावर त्या पिल्लांचा मालक टॉम नूक हातात तंबू देतो आणि सांगतो, ठोका कुठेही. ही तंबू घेऊन नुसती हिंडत होती. नदीकाठी थांबली तेव्हा मी म्हटलं, ‘‘इतक्या जवळ नको गं, पाणी येईल.’’ सांगलीची आहे मी. आदल्याच वर्षी माहेरच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं. ‘‘आई, या नदीला पूर येत नाही,’’ ती म्हणाली. असली नदी मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

तंबू लागले, दहा काटक्या नि सहा फळं गोळा झाली, रात्री शेकोटी पेटली आणि बेटाला नाव द्यायची वेळ आली. रोमन अक्षरं, जास्तीत जास्त दहा. ‘चिंचवाडी’ बरोब्बर दहात बसतं. माझ्या आजोळच्या वस्तीला आम्ही पोरं तेच म्हणायचो. त्या बेटावर चिंचेचं झाड नाही, नुसती नासपती, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लसूण सोलून झाला होता तरी मी उठले नाही, हे आठवतंय.

तर परवा. आधी चुकून लेकीच्याच नावानं आत गेले. बाहेर पाऊल टाकलं तर सगळीकडे तण. दारापासून पुलापर्यंत, फुलांच्या वाफ्यांत, बाकाच्या पायांना खेटून. हॅम्लेट नावाचा हॅम्स्टर पळत आला. हा पहिल्या दिवसापासूनचा रहिवासी, सदानकदा व्यायामाच्या गप्पा. म्हणाला, होतीस कुठे, किती महिने झाले! मला काय बोलावं सुचेना. पुढे बटण दाबलं. तिच्या घरात शिरले तर फरशीवरून झुरळं पळाली. खेळातली. त्यांच्यावर धावून गेलं की पायाखाली चिरडली जातात. सगळी मारली, मग खोलीभर हिंडले. पलंग, पुस्तकांची मांडणी, कोपऱ्यात कासवाची टाकी. पलंगाशेजारी दिवा होता तो बंद केला. का ते विचारू नका. तिच्या खोलीतला दिवा मीच बंद करत आले आहे.

बाहेर पडून स्वतःच्या नावाचं खातं काढलं. म्हटलं, आता आपलं बेट. आपला नकाशा, आपलं नाव. नाव मनात तयारही होतं, सांगत नाही.

तेव्हा कळलं की एका यंत्रावर एकच बेट. दुसरं माणूस आलं की ते त्याच बेटावर येतं, पहिल्याच्या गावात, बिऱ्हाडकरू म्हणून. तंबू मिळतो, तो ठोकायचा. मासे धरावेत, फुलपाखरं धरावीत, ती नेऊन संग्रहालयातल्या घुबडाला द्यावीत. हे घुबड दुपारी डुलक्या घेत असतं आणि किडा दाखवला की शहारतं. पण पूल कुठे बांधायचा, कुणाचं घर कुठे सरकवायचं, हे ठरवायचा मान पहिल्या माणसाचाच. तो गावचा प्रतिनिधी.

मी सोफ्यावर बसून एकटीच हसले. कारण हे पद माझ्या ओळखीचं आहे.

सांगलीला आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात दिवाळीचा किल्ला व्हायचा. किल्लेदार दादा. मी माती चाळायची, चिखल तुडवायचा, गोणपाट भिजवून आणायचं. विटा-दगडांवर गोणपाट टाकून त्यावर चिखल लिंपताना जो आवाज येतो, ओला, चापट मारल्यासारखा, तो मला अजून झोपेत ओळखता येईल. मग गेरू, मग हळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीचं कारंजं, फुटक्या आरशाचं तळं. पायथ्याशी गाव: बुरुजाइतकी उंच गवळण, तिच्या गुडघ्याएवढी बैलगाडी, एक ट्रॅफिक पोलीस आणि लोणच्याच्या झाकणावर उतरलेलं विमान. शिवाजी महाराजांच्या राज्यात विमानतळ कशाला, असं एकदा विचारलं तर दादा म्हणाला, तू पाणी आण.

गाव कुठे, तळं कुठे, सगळं दादा ठरवणार. मला एकदा फक्त वाघाची गुहा दिली होती. ती खचली.

मग दादा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्या दिवाळीला कोपरा रिकामा राहिला. ‘‘कर की तू,’’ आई म्हणाली. माती होती, विटा होत्या, मावळ्यांची पाटी माळ्यावर होती. मी माती चाळली. खूप चाळली. मैद्यासारखी झाली. वसुबारसेपासून रोज सकाळी जाऊन त्या कोपऱ्यासमोर उभी राहायची, तळं कुठे घ्यावं याचा विचार करत. भाऊबीजेला दादा आला, म्हणाला, किल्ला कुठाय?

लग्न होऊन पुण्यात आले तर इथलेही डबे आधीच लागलेले. ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात साबुदाणा. मला पहिल्याच आठवड्यात ते बदलायचं होतं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, त्या डब्यात आजही साबुदाणाच आहे. नव्या स्वयंपाकवाल्या मावशींनी गेल्या महिन्यात त्याचा उपमा करायला घेतला होता.

आणि वहीचं तर विचारूच नका. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिते आणि उलटते. कपाटात आठ-दहा वह्या आहेत नुसत्या श्रीकारापुरत्या.

हा खेळ ज्यांना सुचला ते कात्सुया एगुची चिबाचे. निंटेंडोत नोकरी लागली म्हणून क्योतोला आले, आणि तिथे आपलं म्हणावं असं कुणी नाही, घरचे नाहीत, मित्र नाहीत, हे त्यांना फार जाणवलं. त्यातून 2001 साली या मालिकेतला पहिला खेळ जपानमध्ये आला. एकटं माणूस नव्या गावात येतं आणि शेजाऱ्यांशी बोलतं, एवढीच त्याची गोष्ट. लेकीनं हे मला कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा ती याच सोफ्यावर आडवी पडून खेळत होती आणि मी म्हटलं होतं, पाय खाली घे.

रात्री तिचा फोन आला. सगळं सांगितलं. झुरळांचं ऐकून खूप हसली.

‘‘अगं मग पुसून टाक ना ते. सेटिंगमध्ये जा, सेव्ह डेटा डिलीट कर. तुझं नवं बेट सुरू होईल. मी सांगते कसं.’’

‘‘आणि तुझं?’’

‘‘मला नकोय आता, आई. मी कुठे खेळतेय?’’

‘‘बघते,’’ म्हटलं.

तंबू नदीपासून लांब ठोकलाय. पूर येत नसला तरी. नूकनं पहिलं बिल दिलंय, ते फेडलं की घरासाठी 98,000 बेल्सचं, म्हणजे तिथल्या पैशांचं, कर्ज. व्याज नाही, मुदत नाही, तगादा नाही. नवरा दोनदा विचारून गेला की ही कुठली बँक. तण उपटून दुकानात विकलं तर एका रोपाला 10 बेल्स मिळतात, म्हणजे 9,800 रोपं. तेवढं तण चिंचवाडीत आहे असं मला वाटतं.

यातला कुठलाच रहिवासी न विचारता गाव सोडत नाही. डोक्यावर विचारांचा ढग घेऊन हिंडत राहतो, तुम्ही जवळ गेलात की सांगतो, बाहेर जावंसं वाटतंय, जाऊ का? नको म्हटलं तर राहतो, कुरकुर न करता. म्हणून तर इतके महिने कुणी फिरकलं नाही तरी हॅम्लेट तिथेच.

लेकीनंही विचारलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, ऑफर लेटर फोनवर उघडून. मी रव्याच्या डब्यातला साबुदाणा भिजत घालत होते. ‘‘जा की,’’ म्हटलं. हात ओले होते.

काल संध्याकाळपर्यंत नदीच्या अलीकडचं निघालं. 112 रोपं. पलीकडे अजून बरंच आहे.