लाल्या आणि पन्नास रुपये

गेल्या आठवड्यात आमच्या बंदरावरच्या लाल्या कुत्र्यावर कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. लाल्या कुणा एकाचा नाही, सगळ्या वाडीचाच, होडी लागली की पहिला हजर. पाठीची कातडी पार सोलून निघाली होती आणि मी जवळ गेले तर कण्हत कण्हत माझाच हात चाटायला लागला.

तक्रार करायची म्हणून चौकशी केली तर काय, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! ५० रुपयात आज बांगड्याचा वाटा तरी मिळतो का? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला होता, त्यात अमानुष क्रौर्याला किमान ५० हजार दंड किंवा १ ते ३ वर्षं कैद, आणि जीव घेतला तर ५ वर्षांपर्यंत. हे व्हायलाच पाहिजे, मला दुसरं काही सुचतच नाही.

आता कुणी म्हणेल, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वेळास, आंजर्ल्याला समुद्री कासवांची अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेत जपतात, कारण कोल्हे नि कुत्रे घरटी उकरतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. म्हणून कुत्र्यांना मारायचं का? अजिबात नाही, नसबंदी करा ना, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ती स्थानिक संस्थांचीच जबाबदारी आहे.

लाल्या काल थोडा भात जेवला. मलम लावताना अजून थरथरतो.