छापखाना आणि मतदारयादी: आमची वाटचाल

नारायण पेठेतला आमचा छापखाना माझ्या आजेसासऱ्यांनी सुरू केला. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसा (खणांच्या पेट्या) आणि ती अक्षरं जुळवणारे दोन कंपोझिटर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि सगळे खिळे चिखलात गेले. ते धुऊन, वाळवून, पुन्हा खणाखणांत लावण्यात पुढचा कितीतरी काळ गेला, असं माझे सासरे, म्हणजे नाना, सांगायचे. मग खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट आलं, तेच खिळे किलोच्या भावाने गेले. नंतर संगणकावरची जुळणी: डीटीपी, श्री-लिपी, युनिकोड. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या छापखान्याची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. आमची वाट जराशी वळली ती मतदारयादीमुळे.

छापखान्यांना निवडणूक म्हणजे दुसरी दिवाळी. कार्यअहवाल, हँडबिलं, स्लिपा, रात्रभर मशीन चालू. नाना सगळ्या पक्षांची कामं घेत. ॲडव्हान्स मात्र निम्म्याहून जास्त, कारण पडलेल्या उमेदवाराकडून बाकी वसूल करणं हे भल्याभल्यांना जमलेलं नाही. (निवडून आलेल्याकडूनही सोपं नाही, पण तो निदान भेटतो तरी.)

एका बाबतीत नाना कमालीचे हट्टी होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम १२७-क म्हणतं की निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. छापून घेणाऱ्याने सहीचं घोषणापत्र द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापल्यावर मुद्रकाने ते घोषणापत्र आणि पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्यकर्ते म्हणायचे, "नाना, खालची ती ओळ तेवढी राहू द्या." नाना म्हणायचे, "मग कागदही राहू द्या." निनावी पत्रक आमच्या मशीनवर कधी चढलं नाही. पुढे जे काही उभं राहिलं त्याचा पाया हाच, असं मला वाटतं.

१७ एप्रिल २०१४ ला पुण्यात लोकसभेचं मतदान झालं. त्या दिवशी शहरात काय झालं ते पुणेकर विसरलेले नाहीत. हातात फोटो असलेलं ओळखपत्र, वर्षानुवर्षं त्याच पत्त्यावर राहणं, आणि यादीत नाव नाही. हजारो माणसं केंद्रावरून परत आली. नानांचंही नाव नव्हतं. शेजारच्या वाड्यातले कधीच वारलेले एक गृहस्थ मात्र यादीत ठणठणीत होते.

नंतरचे काही आठवडे आमचं काउंटर म्हणजे तक्रारींचा कट्टा झालं. लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला माणूसही यादीबद्दलच बोलायचा. त्यातूनच गट जमला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, जवळच्या शाळेतल्या बाई, सासूबाईंच्या भिशीतल्या दोघी-तिघी, एका सोसायटीचे सेक्रेटरी. नाव ठेवलं नाही, नोंदणी केली नाही, वर्गणीचं पावतीपुस्तकसुद्धा नाही, आणि ते आम्ही फुकट छापू शकत होतो! नियम एकच ठरला: पक्षाचं पद असलेल्याने इथे बसायचं नाही, आणि इथे बसणाऱ्याने प्रचाराला जायचं नाही. मत कोणाला द्यायचं ते ज्याचं त्याने घरी ठरवावं.

पहिलं काम अगदी रूक्ष होतं. यादीचा एकेक भाग छापून घ्यायचा आणि इमारतीनुसार घरोघर जाऊन ताडून बघायचा. कार्ड असणं म्हणजे यादीत नाव असणं नव्हे, हे समजावण्यातच निम्मा वेळ जायचा. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, वगळण्यासाठी ७, दुरुस्तीसाठी ८. पत्ता बदलला तर तेव्हा कधी नवा ६, कधी ८-अ, अशी भानगड होती. ऑगस्ट २०२२ पासून पत्ताबदलही ८ मध्येच आला आणि अठरा पूर्ण झाल्याचा हिशेब १ जानेवारीऐवजी वर्षातून चार तारखांना होऊ लागला, तेव्हा कुठे जरा सुटसुटीत झालं. वारलेल्या आई-वडिलांचं नाव कमी करायचा अर्ज भरताना मात्र लोक थबकतात. त्यांना घाई करायची नाही, हे भिशीतल्या काकूंनी आम्हाला शिकवलं.

धंद्याचा प्रश्न लवकरच उभा राहिला. सकाळी आम्ही निःपक्ष म्हणून दारं वाजवणार आणि रात्री आमच्याच मशीनवर एका उमेदवाराचा कार्यअहवाल निघणार, हे कसं चालेल? नानांचं म्हणणं होतं, सगळ्यांची कामं घेतो म्हणजे निःपक्षच झालो की. कायद्याने त्यांचं बरोबर होतं. पण आमची मुद्रकाची ओळ पत्रकावर वाचून लोक काय समजणार, हा माझा मुद्दा होता. घरात बरंच वाजलं. शेवटी २०१७ च्या महापालिका निवडणुकीआधी आम्ही उमेदवारांची कामं पूर्ण बंद केली. त्या हंगामात शेजारचे छापखाने रात्रंदिवस धडधडत होते आणि आमचा मशीनमन गणपती मंडळांच्या जुन्या अहवालांचं बायंडिंग करत बसला होता. पैसा गेला तो गेलाच. त्याची गोड कहाणी मला करायची नाही.

त्याच निवडणुकीत आम्ही उमेदवारांचा पहिला तुलना-तक्ता काढला. बँकवाल्या काकांच्या मुलीने अमेरिकेतून एक मतदार-पुस्तिका पाठवली होती. तिकडे १९२० साली स्थापन झालेली लीग ऑफ विमेन व्होटर्स नावाची संस्था आहे. ती कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही, सगळ्यांना तेच प्रश्न विचारते आणि उत्तरं जशीच्या तशी छापते. आम्ही तेवढी रीत उचलली. उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांची माहिती तर त्यांच्याच प्रतिज्ञापत्रात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी तो मतदाराचा हक्क ठरवून दिला आहे. आम्हाला फक्त ती वाचता येईल अशी मांडायची होती.

आणि इथे छापखानेवाली म्हणून माझी खरी कसोटी लागली. निःपक्षपणा बोलायला सोपा असतो, कागदावर तो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. सगळ्यांचे रकाने सारख्याच रुंदीचे, टाइपही सारखा. एकाने दोन ओळींत उत्तर दिलं आणि दुसऱ्याने पानभर, तर शब्दमर्यादा आधीच कळवलेली हवी. उत्तर न देणाऱ्याचा रकाना कोरा, शेरा नाही. नावांचा क्रम मतदान यंत्रावर असेल तोच. शाई फक्त काळी, कारण भगवा, हिरवा, निळा, कुठलाही रंग घेतला की कोणीतरी भुवया उंचावणारच. त्या वेळी शहरात ४१ प्रभाग आणि १६२ जागा होत्या, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. एकाच माणसाने चार मतं द्यायची हे ज्येष्ठांच्या गळी उतरवणं अवघड होतं. अ, ब, क, ड जागांच्या मतपत्रिका पांढऱ्या, फिकट गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या असणार होत्या, म्हणून आम्ही तक्तेही त्याच रंगांच्या कागदावर काढले. तरी एक कार्यकर्ता आलाच, "ड ला निळा का?" आयोगाला विचारा, म्हटलं. हा तक्ता प्रचाराचा नव्हता, तरी नानांनी खाली मुद्रकाची ओळ टाकायला लावली आणि प्रती रीतसर पाठवल्या.

गेलेलं उत्पन्न भरून निघालं ते अनपेक्षित बाजूने, आणि हळूहळू. अर्ज भरून घ्यायला येणारे सोसायट्यांचे सेक्रेटरी वार्षिक अहवालाची कामं देऊ लागले. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरीपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्टपासूनच आमच्याकडे रीघ लागते. पक्षांच्या कामाइतका पैसा त्यात नाही, पण बिल थकत नाही.

गट सिंहगड रस्त्याकडे पसरला तेव्हा वेगळीच गंमत कळली. धायरीतला माणूस स्वतःला पक्का पुणेकर समजतो, पण त्याचा खडकवासला विधानसभा मतदारसंघ लोकसभेला बारामतीत मोडतो, आणि हडपसरवाल्यांचा शिरूरमध्ये. पुण्याच्या खासदाराला नावं ठेवणाऱ्या कित्येकांना त्याला मत देण्याचा अधिकारच नसतो.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तो जवळपास चार वर्षं तिकडेच राहिला. नगरसेवकच नाहीत, मग आमच्या गटाने करायचं काय? काहीजण गळाले. उरलेल्यांनी क्षेत्रीय कार्यालयाकडे मोर्चा वळवला. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, हे आमच्या पेठेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पदपथ, बाक, दिवे, अशा कामांचे अर्ज आम्ही भरून घेतले. काही झाली, बरीचशी झाली नाहीत. कुठली झाली नाहीत त्याची यादी मात्र दरवर्षी छापतो.

नाना आता दुकानात येत नाहीत, प्रूफ तेवढं घरी मागवतात. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीचे तक्ते माझ्या मुलीने लावले. ते मोबाईलवरच जास्त फिरले, छापील प्रती ज्येष्ठांसाठी. निकालानंतर एक विजयी उमेदवार खूश होऊन आले. तक्त्यातला फक्त त्यांचा रकाना मोठा करून हजार प्रती हव्या होत्या, पैसे रोख. "वहिनी, तुमचंच तर छापलेलं आहे," म्हणाले. नाही म्हटलं. मग घरच्या वास्तुशांतीची पत्रिका कराल का, विचारलं. ती केली, क्रीम रंगाच्या कागदावर, निम्मा ॲडव्हान्स घेऊन.