पुलकेशी, पर्शियन टोप्या आणि माझी झेरॉक्स

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दुसरा पुलकेशी सातव्या शतकातला ना? मग पाचव्या शतकातल्या लेण्यात त्याचा दरबार कसा?" दोन्ही गोष्टी मीच वाटलेल्या झेरॉक्सवर होत्या, एकाच पानावर. वीस वर्षं मी ते पान वाटतेय. अजिंठा, लेणे क्रमांक १, 'पर्शियन वकिलाचं (म्हणजे राजदूताचं) स्वागत करणारा पुलकेशी'.

त्या रात्री शोधायला बसले. दहा ठिकाणी तेच वाक्य, पण आधार एकाचाही नाही. मग ठरवलं, हे पहिल्यांदा कोण म्हणालं तेच शोधायचं. धागा थेट १८७९ पर्यंत गेला, भारतीय वास्तुकलेचा इंग्रजकाळातला अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याच्या लेखापाशी. इराणचा बादशहा खुस्रो परवेझ याला एका भारतीय राजाचं पत्र आल्याची नोंद अरबीत लिहिणाऱ्या इराणी इतिहासकार तबरीने केली आहे. तो राजा पुलकेशी धरला आणि चित्रातल्या टोकदार टोप्या, दाढ्या पाहून फर्ग्युसनने जोड लावली. माणूस मोठा अभ्यासक, पण हा त्याचा अंदाज होता. पुढे नकलानकलीत 'असावा'चं 'आहे' झालं.

भिंतीवर राजाचं नाव कुठेच नाही. आज बहुतेक अभ्यासक हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी संपादित केलेले वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ साली छापले गेले. मूळ पाठ तिथे डोळ्यांनी वाचता येतो, आणि माझा भरवसा त्यावरच.

चित्रांचंही तसंच. 'मूळ अजिंठा' म्हणून मी जे चित्र वर्गात दाखवत होते, ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली, १८७२ नंतर केलेली प्रत निघाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या नोंदीत तसं स्वच्छ लिहिलंय. प्रतीत पर्शियन पाहुण्याच्या हातातला मोत्यांचा सर मणी मोजता येईल इतका ठसठशीत आहे. परवा अजिंठ्याला जाऊन दाराच्या भिंतीसमोर मान वर करून उभी राहिले, तर तो हात आणि सर अंधारात शोधावा लागला. गिलावा कुठे कुठे गेलाय ते तेव्हा नीट कळलं. प्रत वाईट नाही, फार मोलाची आहे. फक्त ती प्रत आहे, हे खाली लिहायला हवं.

नवीन झेरॉक्स काढली आहे. प्रत्येक ओळीखाली पुस्तक आणि पान. जुन्या बॅचच्या ग्रुपवरही टाकली, कारण त्यातल्या तिघी आता स्वतः चित्रकला शिकवतात.