आबांची गोळी आणि सदऱ्याचं बटण

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पार्किन्सन आहे, हालचाल मंदावणारा मेंदूचा आजार. सकाळी ७ ला त्याची गोळी दिली की ८ पर्यंत आबा सदऱ्याची बटणं स्वतः लावायचे. मागच्या उन्हाळ्यात हे बिघडलं. एखाद्या दिवशी गोळी पाऊण तासात लागू पडायची, एखाद्या दिवशी १० वाजले तरी आबा ओट्यापाशी तसेच उभे. "मना पाय जमिनले चिकटी गयात," म्हणायचे, आणि मला रडू यायचं.

आम्ही यावल तालुक्यातले. गोळी वाढवून घ्यायला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी आधी पोटाचंच विचारलं. रोज साफ होतं का? दोन घासांत पोट भरतं का? आबांना तीन-तीन दिवस होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सनमध्ये जठरही मंदावतं. गोळीतलं औषध, लेव्होडोपा, रक्तात जातं ते लहान आतड्यातून. गोळी जठरातच रेंगाळली तर लागू कशी पडणार? शिवाय प्रथिनं पचून जे घटक होतात ते आणि हे औषध एकाच वाटेने आत शिरतात, आतड्यात आणि पुढे मेंदूतही, म्हणून प्रथिनं जास्त झाली की औषध मागे पडतं.

माझ्या पोटात धस्स झालं. अंगात ताकद यावी म्हणून सकाळची गोळी मीच कपभर दुधासोबत देत होते. दुपारची जेवणावर, आणि ताटात कळण्याची भाकरी न् उडदाची डाळ. दोन्हीत उडीदच, म्हणजे प्रथिनंच.

मळमळीसाठी गावातल्या एका डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड दिलं होतं, ते जळगावच्या डॉक्टरांनी लगेच बंद केलं. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, त्यावर हालचाल चालते, आणि मेटोक्लोप्रमाइड त्या डोपामिनलाच अडवतं. त्या आठवड्यात आबा लाकडासारखे ताठ झाले होते. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग वही घातली: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, बटण किती वाजता लागलं. गोळी नुसत्या पाण्यासोबत, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. रक्तवाढीची लोहाची गोळी वेगळ्या वेळी, कारण लोहानेही लेव्होडोपा कमी शोषलं जातं. दूध-डाळ बंद नाही केली, रात्रीवर नेली. दुपारी साधी ज्वारीची भाकरी आणि भाजी. पोटासाठी इसबगोल, भरपूर पाणी. गोळीचा डोस तेवढाच राहिला, आणि महिन्याभरात बटणाची वेळ बहुतेक दिवशी पुन्हा ८ च्या आत आली.

परवा लग्नाच्या पंगतीत आबा पोटभर वरण-बट्टी जेवले, गोळी त्यानंतर घेतली. वहीत नोंद आहे: गोळी १ वाजता, बटण साडेतीनला.